बस स्टँड हलतो, तेव्हा तुमच्या मॅपमध्ये काय काय हलतं?

शहरात नवी मेट्रो किंवा लाइट रेल सुरू झाली की सगळीकडे फोटो फिरतात ते नव्याकोऱ्या डब्यांचे. त्याच सुमारास आणखी एक बदल होतो. वर्षानुवर्षं एका जागी असलेला बस स्टँड बंद होतो, दुसरीकडे जातो किंवा त्याचे तुकडे होऊन वेगवेगळ्या स्टेशनांवर वाटले जातात. रोज बसने जाणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल नव्या गाडीइतकाच मोठा असतो, कारण गाडी कुठे बदलायची, किती चालायचं आणि किती थांबायचं हे सगळं त्यावर ठरतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि वेगवेगळ्या शहरांच्या वेळापत्रकांच्या फाइल्स उघडून बघायची मला आवड आहे. म्हणून या लेखात दोन्ही बाजू बघू: स्टँड रस्त्यावर कसा हलतो, आणि तोच बदल तुमच्या फोनमधल्या मॅपपर्यंत कसा पोहोचतो.

आधी शब्द समजून घेऊ

लाइट रेल म्हणजे ट्राम आणि मेट्रो यांच्या मधली व्यवस्था. ती बऱ्याचदा रस्त्यावरच, पण स्वतःच्या राखीव पट्ट्यातून धावते. चौकात सिग्नल पाळते आणि तिची स्टेशनं साधी असतात: एक उंच फलाट, वर छप्पर, तिकिटाचं यंत्र. मेट्रोचा मार्ग रस्त्यापासून पूर्ण वेगळा असतो, जमिनीखाली किंवा खांबांवर. म्हणून मेट्रोच्या स्टेशनात जिने, सरकते जिने आणि तपासणी येते.

बस टर्मिनल म्हणजे जिथे बऱ्याच मार्गांच्या बस सुरू होतात, संपतात आणि प्रवासी एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये जातात ती जागा. आपण त्याला स्टँड म्हणतो.

टर्मिनल मुळात लागतं कशाला?

समजा एका शहरात दहा मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गावर दर ३० मिनिटांनी एक बस आहे. तुम्ही एका बसमधून उतरून दुसरी पकडणार असाल आणि दोन्ही वेळापत्रकांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर सरासरी १५ मिनिटं थांबावं लागेल. हा साधा नियम आहे: दोन गाड्यांमधलं अंतर भागिले दोन.

यावर जुना उपाय असा की सगळ्या बस एकाच वेळी एका जागी आणायच्या. दहाही बस ८:२५ ला आत, ८:३० ला बाहेर. पाच मिनिटांत कुणीही कुठल्याही बसमधून कुठल्याही बसमध्ये जाऊ शकतो. यासाठी दहा बस एकाच वेळी उभ्या राहतील एवढी जागा हवी. ती जागा म्हणजे टर्मिनल.

आता याच शहरात दर १० मिनिटांनी धावणारी लाइट रेल आली. बसमधून उतरून ट्रेन पकडायला सरासरी ५ मिनिटं लागणार, तीही कुठल्याही स्टेशनवर. मग सगळ्या बस शहराच्या मध्यभागी आणायची गरज कमी होते. प्रत्येक बस तिच्या जवळच्या स्टेशनला टेकली तरी पुरतं.

पण उलट दिशेला गणित बदलत नाही. ट्रेनमधून उतरून दर ३० मिनिटांनी येणारी बस पकडायची असेल, तर ती बस ३० मिनिटांचीच राहते. सकाळी जाताना सोपं, रात्री घरी येताना कठीण, असं का होतं त्याचं उत्तर इथे आहे.

किचनर-वॉटर्लू: टर्मिनल बंद, काम स्टेशनांवर

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात किचनर आणि वॉटर्लू ही जोडशहरं आहेत. वॉटर्लू विद्यापीठ आणि कॉनेस्टोगा कॉलेजमुळे आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ही नावं माहीत असतात. तिथली बससेवा ग्रँड रिव्हर ट्रान्झिट चालवते.

किचनरच्या मध्यभागी चार्ल्स स्ट्रीटवर १९८८ मध्ये मोठं बस टर्मिनल सुरू झालं. बरेच मार्ग तिथे येऊन मिळायचे. पुढे २०११ मध्ये तिथल्या प्रादेशिक परिषदेने लाइट रेल बांधायचं ठरवलं. तिचं नाव आयॉन. गाड्या वेळेत न मिळाल्यामुळे उद्घाटन लांबत गेलं आणि शेवटी २१ जून २०१९ ला ती सुरू झाली: १९ किलोमीटर मार्ग, १९ स्टेशनं. एका टोकाला कॉनेस्टोगा मॉल, दुसऱ्या टोकाला फेअरवे. लोकांना सवय व्हावी म्हणून पहिले काही दिवस प्रवास मोफत ठेवला होता.

उद्घाटनानंतरच्या सोमवारी, म्हणजे २४ जूनला, बसचं नवं जाळं लागू झालं आणि चार्ल्स स्ट्रीट टर्मिनलमधून शहर बस सुटणं थांबलं. त्याच्या बदल्यात तसंच दुसरं मोठं टर्मिनल मध्यभागी बांधलं नाही. मार्ग आयॉनच्या स्टेशनांना जोडले. आधी कॉनेस्टोगा मॉलपासून केंब्रिजपर्यंत धावणारी मोजक्या थांब्यांची २०० क्रमांकाची जलद बस होती. तिच्या जागी दोन मार्ग आले: ३०१ म्हणजे ट्रेन, आणि फेअरवेपासून पुढे केंब्रिजच्या एन्स्ली टर्मिनलपर्यंत ३०२ क्रमांकाची बस.

यात कुणाचा प्रवास सोपा झाला? ट्रेनच्या रेषेवर राहणाऱ्यांचा आणि ज्यांना मध्यभागी जायचंच नव्हतं त्यांचा. पूर्वी एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जातानाही मध्यभागी उतरावं लागायचं, आता वाटेतल्या स्टेशनवर गाडी बदलता येते. कुणाचा कठीण झाला? जो आधी एका छपराखाली चार पावलांवर बस बदलायचा, त्याला आता उघड्या रस्त्यावरच्या थांब्यावरून फलाटापर्यंत चालायचं आहे. कॅनडाच्या हिवाळ्यात, बर्फ पडलेला असताना, हे चालणं छोटी गोष्ट नसते.

आणखी एक गुंता आहे. किचनरच्या मध्यभागी आयॉनचे येणारे आणि जाणारे रूळ वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. जाताना ज्या स्टेशनवर चढलात, परतीची ट्रेन तिथे थांबेलच असं नाही. नवख्या माणसाला हे फक्त मॅपच सांगू शकतो.

तात्पुरता स्टँड: पोर्टलंड आणि पुणे

दुसरा प्रकार तात्पुरत्या स्थलांतराचा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात मध्यभागी दोन रस्ते मुख्यतः बससाठी राखून ठेवले होते. त्यांवर लाइट रेलचे रूळ टाकायचे म्हणून २००७ मध्ये तिथल्या बस शेजारच्या रस्त्यांवर हलवल्या. २००९ मध्ये काम संपलं, बस परत आल्या आणि त्याच वर्षी लाइट रेलही त्याच रस्त्यांवर धावू लागली. हलवणं आणि परत आणणं दोन्ही पूर्ण झालं.

पुण्यात लाइट रेल नाही, मेट्रो आहे. पण प्रश्न तोच आला. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गावरचं शिवाजीनगर स्टेशन जमिनीखाली आहे आणि ते बांधण्यासाठी एसटी स्टँडची जागा मोकळी करावी लागली. २०१९ च्या डिसेंबरअखेर शिवाजीनगरचा एसटी स्टँड वाकडेवाडीला, जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगतच्या दूध डेअरीच्या जागेत गेला. ही सोय मेट्रोचं काम होईपर्यंतची होती. मेट्रोचं शिवाजीनगर स्टेशन १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, तरी त्यानंतरही एसटी वाकडेवाडीहूनच सुटत राहिली.

इथे किचनरसारखा उपाय चालला नसता. नाशिक, संभाजीनगर, विदर्भाकडे जाणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा लागते, चालक-वाहकांना विश्रांती लागते, प्रवाशांकडे सामान असतं आणि आरक्षणाची खिडकी हवी असते. हे काम पाच स्टेशनांवर वाटता येत नाही. एसटीला स्टँडच हवा. म्हणून तो मेट्रोच्या दारात आहे की दोन-अडीच किलोमीटर लांब, हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो. हातात दोन बॅगा आणि सोबत आजी असेल तर ते अंतर रिक्षाचंच अंतर असतं, आणि ते भाडं मेट्रोच्या तिकिटाच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

हे सगळं फोनमध्ये कुठे असतं?

तुम्ही मॅपमध्ये "बसने कसं जायचं" असं विचारता तेव्हा ॲप रस्त्यावर जाऊन बघत नाही. ते एक फाइल वाचतं. त्या फाइलच्या नमुन्याला जीटीएफएस म्हणतात. हा नमुना २००५ मध्ये पोर्टलंडच्याच ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून तयार केला. सुरुवातीला नावातला "जी" गूगलचा होता, पुढे इतर कंपन्याही तो वापरू लागल्यावर तो "जनरल"चा झाला.

जीटीएफएस म्हणजे एक झिप फाइल. तिच्यात साध्या मजकुराचे तक्ते असतात, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले. एक्सेलमध्ये उघडून तुम्हीही वाचू शकता. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे तक्ते हे:

• थांबे: प्रत्येक थांब्याचा ओळख क्रमांक, नाव, अक्षांश आणि रेखांश.
• मार्ग: मार्गाचं नाव आणि वाहनाचा प्रकार. ट्राम आणि लाइट रेलला ०, मेट्रोला १, बसला ३. मॅपवर ट्रेनचं चित्र दिसतं की बसचं, हे या एका आकड्यावर ठरतं.
• थांब्यांच्या वेळा: कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता.
• दिनदर्शिका: कुठलं वेळापत्रक कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत लागू.
• गाडी बदलणं: एका थांब्यावरून दुसऱ्यावर जायला कमीत कमी किती सेकंद लागतात, आणि तिथे गाडी बदलता येते की नाही.

मोठ्या स्टेशनसाठी आणखी एक सोय आहे. स्टेशन हा "पालक" थांबा, आणि त्याच्या पोटात प्रत्येक फलाट, प्रत्येक दरवाजा वेगळा थांबा म्हणून लिहिता येतो. दरवाजापासून फलाटापर्यंतचे जिने, लिफ्ट आणि त्यांना लागणारा वेळही वेगळ्या तक्त्यात देता येतो.

आता चार्ल्स स्ट्रीट टर्मिनल बंद होण्याचा विचार करा. एका पालक थांब्याखालचे सगळे फलाट एका तारखेला संपवायचे, नवे थांबे त्याच तारखेपासून सुरू करायचे, मार्ग नव्याने जोडायचे, आणि प्रत्येक नव्या जोडीसाठी चालायचा वेळ टाकायचा. बस हलवायला एक रात्र लागते. हे काम त्याच्या आधी संपलेलं असावं लागतं, कारण सकाळी साडेपाचला पहिला प्रवासी ॲप उघडणार असतो.

मॅप कुठे फसतो?

१. सरळ रेषेचं अंतर. गाडी बदलण्याच्या तक्त्यात काही लिहिलेलंच नसेल, तर ॲपला चालण्याचा वेळ स्वतः अंदाजाने काढावा लागतो. समजा थांबा आणि फलाट यांत सरळ रेषेत २०० मीटर आहेत. मिनिटाला ८० मीटर धरले तर अडीच मिनिटं. प्रत्यक्षात रस्ता ओलांडायचा, वळसा घालायचा, म्हणजे ३५० मीटर, साडेचार मिनिटं, आणि सिग्नलला एक मिनिट. बस ८:०० ला पोहोचली, ट्रेन ८:०४ ला आहे. ॲप म्हणतं "मिळेल". तुम्हाला ती मिळत नाही. पुढची ट्रेन १० मिनिटांनी असेल तर चालून जातं. पण त्या ट्रेननंतर दर ३० मिनिटांची बस असेल तर अर्धा तास गेला, आणि ती शेवटची बस असेल तर रिक्षा किंवा टॅक्सी.

२. एक नाव, अनेक जागा. पुण्यात "शिवाजीनगर" म्हटलं की रेल्वे स्टेशन, मेट्रो स्टेशन आणि एसटी स्टँड हे तिन्ही येतात, आणि तिसरा तर आता वाकडेवाडीला आहे. लोक बोलताना जुनं नाव सोडत नाहीत. सॉफ्टवेअरला मात्र नाव नाही, ओळख क्रमांक आणि अक्षांश-रेखांश कळतात. सर्चमध्ये नाव टाकल्यावर पहिला आलेला निकाल दाबला की चुकीच्या पिनकडे जाण्याची शक्यता इथेच असते.

३. जुना ओळख क्रमांक. तुम्ही एखादा थांबा "आवडता" म्हणून सेव्ह केला असेल तर ॲपने बहुधा त्याचा क्रमांक साठवलेला असतो. थांबा बंद झाला की तो क्रमांक निरर्थक होतो. काही ॲप्स तसं सांगतात, काही नुसती रिकामी यादी दाखवतात.

४. दोन नकाशे, दोन वेग. वेळापत्रकाची फाइल वाहतूक संस्था देते. पण इमारतीचं नाव, पिन, फोटो हे मॅप कंपनीकडून किंवा लोकांनी केलेल्या दुरुस्त्यांमधून येतं. म्हणून वेळापत्रक नव्या जागेचं आणि पिन जुन्या जागेवर, असं काही दिवस दिसू शकतं.

५. फाइलच नसणं. वाहतूक संस्थेने वेळापत्रक खुलं केलं नसेल तर बाहेरच्या ॲप बनवणाऱ्याला बदल कळणार कसा? भारतात कोची मेट्रोने आणि दिल्लीने २०१८ मध्ये आपली माहिती खुली करून दिली. जिथे असं होत नाही, तिथे स्टँड हलल्याची बातमी शेवटी कागदावर छापून खांबाला चिकटवलेल्या सूचनेवरच चालते.

बदल एका रात्रीत करावा की हळूहळू?

कॅनडाची राजधानी ओटावाने १४ सप्टेंबर २०१९ ला १२.५ किलोमीटरची, १३ स्टेशनांची लाइट रेल सुरू केली. जुन्या बस तिच्या जोडीला तीन आठवडे चालू ठेवल्या. ६ ऑक्टोबरपासून त्या मध्यभागी येणं थांबलं आणि प्रवाशांना टोकाच्या स्टेशनांवर उतरून ट्रेन पकडावी लागली. त्या आठवड्यात दारांच्या बिघाडांमुळे गाड्या अडकल्या आणि टनीज पाश्चरसारख्या स्टेशनच्या फलाटावर गर्दी साचली. आधी बिघाड झाला तर एक बस अडायची. आता सगळ्यांचा प्रवास एकाच रेषेवर आला होता, त्यामुळे ती रेषा थांबली की सगळेच थांबत होते. पुढे या प्रकल्पाची सार्वजनिक चौकशी झाली आणि तिचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. टर्मिनल ट्रेनजवळ नेलं की ट्रेन हा बसचाही आधार होतो. म्हणून ट्रेन बंद पडल्यावर पर्यायी बस कुठून सुटतील, ती जागा आधीच ठरलेली असायला हवी. डेटाच्या बाजूने यासाठी जीटीएफएस-रिअलटाइम हा जोड नमुना आहे. त्यात तीन प्रकारच्या बातम्या जातात: गाडी आत्ता कुठे आहे, किती उशिरा आहे, आणि "हा थांबा आज बंद, त्याऐवजी इथे जा" अशी सूचना. मॅपमध्ये कधी कधी पिवळ्या त्रिकोणात दिसणारा मजकूर तोच. तो न वाचता सरकवून टाकू नका.

तुमच्या शहरात स्टँड हलणार असेल तर

• तारीख बघा. ॲपमध्ये "आत्ता निघायचं" न ठेवता बदलानंतरची तारीख टाकून तोच प्रवास शोधा. नवी फाइल आली असेल तर नवा मार्ग दिसेल. जुनाच दिसला तर अजून भरवसा ठेवू नका.
• नावाऐवजी पिन बघा. मोठा करून, आसपासचा रस्ता ओळखून खात्री करा. घरी येणाऱ्या पाहुण्यांना "शिवाजीनगर" एवढंच न सांगता लोकेशन पाठवा.
• गाडी बदलायला ॲपने पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ दिला असेल, तर पहिल्या वेळी त्याच्या आधीची बस पकडा. एकदा चालून बघितलं की खरा वेळ कळतो.
• परतीचा प्रवास वेगळा शोधा, विशेषतः रात्री नऊनंतरचा. शेवटच्या दोन बसच्या वेळा स्क्रीनशॉट काढून ठेवा.
• चुकीची पिन दिसली तर दुरुस्ती सुचवा. गूगल मॅप्समध्ये "बदल सुचवा" हा पर्याय आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये खातं उघडून तुम्ही स्वतः थांबा योग्य जागी नेऊ शकता. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा इतर बरीच ॲप्स वापरतात, त्यामुळे तुमची एक दुरुस्ती बऱ्याच फोनपर्यंत जाते.
• घरातल्या ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा असून ते मॅप उघडत नाहीत, त्यांना एकदा सोबत नेऊन नवी जागा दाखवा. त्यांच्या डोक्यातला नकाशा कुठल्याही अपडेटने बदलत नाही.

थोडक्यात

लाइट रेल किंवा मेट्रो आली की शहर बसचं टर्मिनल स्टेशनांवर वाटता येतं, लांब पल्ल्याच्या गाड्यांचा स्टँड मात्र कुठेतरी एकत्रच ठेवावा लागतो. दोन्ही वेळी प्रवाशाचा प्रश्न एकच असतो: या गाडीतून उतरल्यावर त्या गाडीपर्यंत मला किती मिनिटं लागतील? हा आकडा रस्त्यावर कमी व्हायला हवा आणि फाइलमध्ये खरा लिहिलेला हवा. पुढच्या वेळी एखाद्या नव्या मार्गाची बातमी वाचाल तेव्हा किलोमीटर आणि कोटींच्या खाली हा आकडा शोधा. तिथे तो नसेल, तर विचारा.